आधी आकडा, मग मागणी
(गावकारभार लेखमाला : भाग 6)

गेल्या आठवड्यात आपण ग्रामसभेच्या गणपूर्तीचा नियम पाहिला : एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. पण समजा, लोक आले. चावडीसमोर मांडव भरला. त्यांना ठरवायला नेमकं काय मिळतं?

बहुतेक गावांत, ‘मागण्या सांगा’ एवढंच. मग कोणी रस्ता सांगतो, कोणी समाजमंदिर, कोणी हायमास्ट दिवा. ग्रामपंचायत अधिकारी सगळं लिहून घेतात. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे मात्र नंतर चारदोन माणसं कार्यालयात बसून ठरवतात. गाव मागतं आणि ठरवतं दुसरंच कोणी. हे मला मनापासून खटकतं, कारण कायद्याचा हेतू हा नव्हता.

चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना थेट निधी देऊ केला, तेव्हा 2015 मध्ये राज्याने ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम आणला. शिवारफेरी, वॉर्डसभा, महिला सभा यांतून गरजा पुढे याव्यात आणि ग्रामसभेने त्यांचा क्रम लावावा, अशी ती रचना आहे. मात्र क्रम लावायचा तर हाती किती पैसे आहेत ते आधी कळायला हवं. आकडा माहीत नसलेली सभा फक्त इच्छा व्यक्त करू शकते.

शिवाय सगळा पैसा मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी 60 टक्के निधी बंधित ठेवला : निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. उरलेला 40 टक्के अबंधित. म्हणजे 10 लाख आले असतील तर 6 लाख पाणी, गटारं, घनकचरा यांचेच. रस्ता, समाजमंदिर, दिवे या सगळ्यांची ओढाताण 4 लाखांत. हा हिशेब फळ्यावर लिहिला की सभेचा सूरच बदलतो. ‘दिवा हवाच’ म्हणणाऱ्याला त्यासाठी काय सोडायचं तेही सांगावं लागतं. आणि बंधित निधी ज्यासाठी आहे त्याची खरी जाणकार मंडळी म्हणजे हंडा घेऊन टाकीपर्यंत जाणाऱ्या बाया. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे ते योग्यच; पण ती आदल्या दिवशी घाईने उरकली आणि तिथे आकडा मांडलाच नाही, तर तिचा उपयोग सह्यांपुरता.

आधी समजून घेऊन मग ठरवण्याचं उदाहरण म्हणजे गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे जेमतेम पाचशे वस्तीचं गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावाची. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय होतो. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा अभ्यासगट. प्रश्न सभेत येण्याआधी माहिती गोळा करायची, गरज पडली तर बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, खल करायचा. निर्णय मात्र ग्रामसभेचाच. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून ते स्वतः बांबू विकू लागलं. एवढा पैसा आणि एवढी जबाबदारी पेलता आली, ती गावाला समजून घेऊन ठरवायची सवय आधीपासून होती म्हणून.

गावाच्या विकास आराखड्याची तयारी दरवर्षी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. तुमच्या वॉर्डसभेत पहिला प्रश्न हाच विचारा : गेल्या वर्षी किती आले, किती खर्चले, यंदा किती अपेक्षित, त्यातलं बंधित किती? उत्तर टाळलं गेलं तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा मोबाइलवर कोणालाही पाहता येतो. तो उतरवून घ्या, छापा आणि सभेला सोबत न्या.

पुढच्या भागात : मंजूर काम जागेवर झालं की नाही, हे गावाने कसं तपासायचं.