गोखरूचा काढा, पण कोणतं गोखरू?

जाम चौरस्त्यावरून नागपूर, वर्धा नाहीतर हिंगणघाटला कॉलेजसाठी जाताय? मग वाटेत ‘जावं लागू नये’ म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मैत्रिणी तुम्हाला माहीत असतील. कदाचित तुम्हीच त्यातल्या असाल. मग लघवीला आग होते आणि घरचं निदान तयारच असतं: उन्हाळी लागली! धने-जिऱ्याचं पाणी पी, गोखरूचा काढा घे. (मुलांनो, हसू नका. मुतखडा तुमच्यातच जास्त होतो.)

गोखरू काही थोतांड नाही. चरकसंहितेत लघवी वाढवणाऱ्या औषधांत ते आहे, दशमुळातही आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने लघवी वाढल्याचं दिसलंय. पण लघवी वाढणं वेगळं आणि जंतू मरणं वेगळं. युरिन इन्फेक्शनमागे बहुतेक वेळा ई. कोलाय हा जिवाणू असतो. तो गोखरूने हटतो, असं म्हणण्याइतका माणसांवरचा भक्कम पुरावा नाही.

त्यात नावाचा घोळ. औषधातलं गोखरू म्हणजे सराटा. जमिनीवर पसरणारा, पिवळ्या फुलांचा, सायकल पंक्चर करणारा. पण शेताच्या कडेला वाढणाऱ्या, कपड्यांना बोंडं चिकटवणाऱ्या उंच तणालाही आपण गोखरूच म्हणतो. त्याच्या बिया आणि कोवळी रोपं विषारी असतात. २००७ मध्ये बांगलादेशात टंचाईच्या दिवसांत लोकांनी ती रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, १९ दगावले. तेव्हा बांधावरून उपटून काढा करायचा नाही.

क्रॅनबेरीचं काय? २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या स्त्रियांमध्ये तिने धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो. झालेलं इन्फेक्शन मात्र तिने बरं होत नाही. खरी बाजी मारली साध्या पाण्याने. २०१८ च्या एका चाचणीत कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्या जणींनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. धने-जिऱ्याच्या पाण्यातही निम्मं श्रेय पाण्याचंच असावं! आता एवढं पाणी पिऊन प्रवासात जायचं कुठे, हा प्रश्न कॉलेजला आणि एसटीला जरूर विचारा.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसलं, तर काढ्यात दिवस घालवू नका. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. जवळचं सरकारी रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा. मैत्रिणीची उरलेली अँटिबायोटिक गोळी घेऊ नका, आधी लघवीची तपासणी करा. आणि काढा घेत असाल, तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा.