हरणाच्या शिकारीची रायफल आणि तिची दुर्बीण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोव्हेंबरात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत रायफलीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम येतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा मार्ग बंद केला. तिकडे मात्र परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येत व्हाइटटेल हरीण मारता येतं आणि त्याचं मांस घरी शिजतं. तिकडे स्थायिक झालेला मराठी माणूस या वाटेने गेला, तर रायफल घेतल्यावर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो तो तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीचा, म्हणजे स्कोपचा. दुकानात शंभर डॉलरांपासून दोन-तीन हजारांपर्यंत सगळं मांडलेलं असतं आणि प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो.

निवड करताना एकच कसोटी डोळ्यांपुढे ठेवावी. जनावर पहिल्या गोळीत, तडफडल्याशिवाय पडलं पाहिजे. जखमी होऊन झाडीत पळालेलं हरीण तासन्‌तास वेदना सोसतं आणि पुष्कळदा सापडतही नाही. हे टाळायला जी दुर्बीण मदत करते ती चांगली. बाकीचे आकडे जाहिरातीचे.

गैरसमज : जितकी जास्त पट, तितकी चांगली दुर्बीण.

वस्तुस्थिती : हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून नेमाची जागा साधारण आठ ते दहा इंच रुंद असते. पूर्वेकडच्या दाट झाडीत बहुतेक गोळ्या १०० यार्डांच्या आतच झाडल्या जातात. एवढ्या अंतरावर तीन-चार पट पुरेशी होते. पट वाढवली की दिसणारा परिसर आक्रसतो. ३-९×४० (तीन ते नऊ पट, ४० मिलिमीटरची पुढची काच) या नेहमीच्या दुर्बिणीतून १०० यार्डांवर तीन पटीला सुमारे ३३ फूट रुंदीचा भाग दिसतो, नऊ पटीला जेमतेम १४ फूट. हरीण चालत असेल, तर नऊ पटीत ते सापडेपर्यंत निघून जातं. शिवाय हाताचा थरथराटही तितक्याच पटीने मोठा दिसतो आणि नवशिका बिचकून चाप झटक्याने ओढतो. म्हणून जंगलात शिरताना पट सर्वांत कमीवर ठेवावी. वेळ आणि अंतर दोन्ही असेल, तेव्हा ती वाढवता येते.

गैरसमज : पुढची काच मोठी आणि नळी जाड असली, की अंधारातही लख्ख दिसतं.

वस्तुस्थिती : हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. अनेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास शिकारीला परवानगी असते, त्यामुळे उजेडाचा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर साध्या भागाकारात मिळतं. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट केलं, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी निघते. ४० मिलिमीटरची काच सहा पटीवर ठेवली, तर झोत ६.७ मिलिमीटरचा होतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे सात मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर ती पाचाच्या आसपास येते. म्हणजे मध्यम पटीवर ४० मिलिमीटरची काच डोळ्याला घेता येईल तेवढा उजेड देतेच. उलट ५० मिलिमीटरची काच २४ पटीवर नेली, तर झोत दोन मिलिमीटरवर येतो आणि चित्र काळवंडतं. संध्याकाळी दिसेनासं झालं, तर पट कमी करावी.

मोठ्या काचेला दुर्बीण उंच बसवावी लागते. मग गाल दस्त्यावर नीट टेकत नाही आणि नेमाची बैठक मोडते. नळीचंही तसंच आहे. एक इंचाऐवजी ३० मिलिमीटरची नळी घेतल्याने उजेड आपोआप वाढत नाही. तिच्यात नेम वर-खाली सरकवायला जास्त वाव असतो, जो लांब पल्ल्याच्या नेमबाजाला लागतो.

उजेडावर खरा परिणाम करतो तो काचेवरचा लेप. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. आत आठ भिंगं, म्हणजे सोळा पृष्ठभाग असतील, तर निम्म्याच्या जवळपास उजेड वाटेतच संपतो. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला आणि दुर्बिणींचं रूप पालटलं. आज खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ असं लिहिलंय का, ते पाहावं. त्याचा अर्थ सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप आहे असा होतो. नुसतं ‘कोटेड’ असेल, तर लेप मोजक्याच ठिकाणी असू शकतो.

गैरसमज : भरवशाची दुर्बीण म्हणजे हजार डॉलरांची दुर्बीण.

वस्तुस्थिती : दुर्बिणीचा भरवसा तीन गोष्टींवर ठरतो : रायफलीचा धक्का बसूनही नेम जागेवर राहतो का, टरेट, म्हणजे नेम सरकवायची गुंडी, फिरवला की नेम सांगितला तेवढाच सरकतो का, आणि आत पाणी किंवा वाफ शिरते का. या तिन्ही गोष्टी आज २०० ते ३०० डॉलरांच्या साध्या ३-९×४० दुर्बिणीत मिळतात. ओरेगनमधल्या ल्यूपोल्ड कंपनीची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. मार्कस ल्यूपोल्ड यांच्या दुर्बिणीत शिकारीच्या वेळी आतून धुकं धरलं आणि हरीण हुकलं. त्यातून कंपनी दुर्बिणींकडे वळली आणि १९४७मध्ये तिची पहिली रायफल-दुर्बीण आली. तेव्हाची ती अडचण आता स्वस्त दुर्बिणींतही सुटलेली आहे, कारण हवा काढून नळीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरतात. बाहेरच्या काचेवर आपल्याच श्वासाची वाफ मात्र कोणत्याही किमतीला जमतेच.

हजार डॉलरांत आणखी काय मिळतं? कडेपर्यंत स्वच्छ चित्र, संधिप्रकाशातली शेवटची काही मिनिटं, लांब पल्ल्याची सोय. या गोष्टी खोट्या नाहीत. पण १०० यार्डांवरच्या हरणासाठी त्या अत्यावश्यक नाहीत. शंभर डॉलरांच्या खाली मात्र सावध राहावं. तिथे काच चालून जाते, पण आतली स्प्रिंग आणि टरेट दगा देतात.

गैरसमज : नेम सरकला, म्हणजे दुर्बीण बिघडली.

वस्तुस्थिती : पुष्कळदा दोष माउंटचा असतो. दुर्बीण ज्या रिंगांत बसते त्यांचे आणि बेसचे स्क्रू ढिले असले, की महागातली महाग दुर्बीणही हलते. ते गच्च आवळले, तर नळी दबते. टॉर्क मोजणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन माहितीपत्रकात दिलेल्या मापानेच स्क्रू आवळावेत. रिंगांसाठी हे माप साधारण १५ ते २० इंच-पाउंड असतं. रिंगा एक इंचाच्या आणि नळी ३० मिलिमीटरची, अशी गल्लत करू नये.

बसवताना डोळ्यापासूनचं अंतरही पाहावं. .३०-०६ सारख्या जोरदार धक्क्याच्या रायफलीला साडेतीन ते चार इंच अंतर हवंच. ते कमी असेल, तर दुर्बिणीची कड भुवईवर आदळते आणि टाके पडतात.

गैरसमज : दुकानात नेम बसवून दिला, आता थेट जंगलात.

वस्तुस्थिती : दुकानात लेझरने किंवा रायफलीच्या नळीतून पाहून तिची आणि दुर्बिणीची दिशा ढोबळ जुळवतात. त्यामुळे गोळी कागदावर लागते, इतकंच. खरा नेम गोळ्या झाडूनच बसतो आणि तोही शिकारीला वापरायच्या त्याच काडतुसांनी, कारण काडतूस बदललं की गोळी पडण्याची जागा बदलते. बहुतेक दुर्बिणींत टरेटच्या एका टिचकीला नेम १०० यार्डांवर सुमारे पाव इंच सरकतो. नवी दुर्बीण तपासायची एक जुनी पद्धत आहे. तीन गोळ्या झाडाव्यात. मग वीस टिचक्या वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे असं फिरत, दर टप्प्यावर झाडत मूळ जागी यावं. शेवटच्या गोळ्या पहिल्या तीन गोळ्यांतच पडल्या, तर दुर्बीण विश्वासाची. नाही पडल्या, तर हंगामाआधीच ती परत करावी.

गैरसमज : आजीवन हमी आहे, मग काळजी नाही.

वस्तुस्थिती : ल्यूपोल्ड आणि विस्कॉन्सिनमधली व्होर्टेक्स या कंपन्या दुर्बिणीला आजीवन हमी देतात. मालक बदलला तरी ती चालते. त्यामुळे जुनी दुर्बीण घेणंही परवडतं. पण हमी दुर्बीण दुरुस्त करून देते, हुकलेली गोळी परत आणत नाही. म्हणून वरची तपासणी टाळू नये.

गैरसमज : दुर्बीण असली, की नेम लागतोच.

वस्तुस्थिती : कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते दुर्बिणीशिवाय. त्या स्पर्धेत दुर्बीण नियमातच बसत नाही. बारीक छिद्रातून नेम धरायचा असतो आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. शरीराची बैठक, श्वास आणि चापावरचं बोट सरावानेच तयार होतं.

गैरसमज : रायफलीच्या दुर्बिणीतून आसपासचं जंगल न्याहाळता येतं.

वस्तुस्थिती : दुर्बीण जिकडे वळते तिकडे रायफलीची नळीही वळते. झाडीत काय हलतंय ते पाहायला रायफल उचलली आणि तिथे दुसरा शिकारी निघाला, तर भरलेली बंदूक माणसावर रोखलेली असते. न्याहाळायला गळ्यात साधी बायनॉक्युलर हवी. रायफल उचलायची ती जनावर पक्कं ओळखल्यावर आणि त्याच्यामागे काय आहे ते दिसल्यावरच.

तेव्हा ५०० डॉलर हाताशी असतील, तर सगळे दुर्बिणीत घालू नयेत. अडीचशेपर्यंतची ३-९×४० घ्यावी, पन्नास-साठ डॉलर चांगल्या माउंटला द्यावेत, शंभरात साधी बायनॉक्युलर येईल, आणि उरलेल्या पैशांची काडतुसं हंगामाआधी मैदानावर सरावात खर्च करावीत. त्या सरावात ज्या अंतरापर्यंत सगळ्या गोळ्या आठ इंचांच्या वर्तुळात पडतात, तीच आपली मर्यादा. हरीण त्यापलीकडे असेल, तर गोळी झाडू नये.