ओल्या रानात चाक घालण्याआधी: वाफसा, वाट आणि शेजारी



सोयाबीनची काढणी जोरात आहे आणि परतीचा पाऊसही अधूनमधून येतोय. म्हणून या आठवड्याचा सल्ला फवारणीचा नाही, वाटेचा आहे.

परवा आपल्या एका सभासदाच्या शेतावर गेलो होतो. पाणंद चिखलाने बंद, म्हणून हार्वेस्टर शेजाऱ्याच्या रानातून नेला. विचारलं होतं का? "नेहमीचंच आहे, त्यात काय विचारायचं!" शेजाऱ्याने हरभऱ्यासाठी रान तयार करून ठेवलेलं. त्यात वीतभर चाकोऱ्या पडल्या, ठिबकची सबमेन फुटली. सोयाबीन घरी आलं. पण पुढे तूर काढायची वाट त्याच रानातून आहे, आणि शेजारी आता बोलत नाही.

*ओल्यात चाक घातल्याने काय होतं?*
ओली काळी जमीन चाकाखाली दबते, मातीतल्या पोकळ्या बंद होतात. मग पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. वरची चाकोरी कुळवाने मोडते, खालचा दाब तसाच राहतो. वाहन जितकं जड, तितका दाब खोल. आणि बहुतेक दाब पहिल्याच फेरीत बसतो. त्यामुळे दर खेपेला नवी जागा धरली की नुकसान कमी होतं, हा समज चुकीचा. एकच चाकोरी ठरवा, जाता-येता तीच वापरा.

*वाफसा असा तपासा*
वाटेवरची चार ते सहा इंच खोलीची माती घ्या, तळहातावर वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक वळी न तुटता होत असेल तर रान ओलं आहे, थांबा. वळी होण्याआधीच माती फुटली तर चाक घालायला हरकत नाही.

थांबलं तर शेंगा फुटतील अशी वेळ असेल तर मजुरांकडून कापणी करा. माल वाळवून उंच, कोरड्या जागी ताडपत्रीखाली ठेवा आणि मळणी यंत्र पक्क्या रस्त्याच्या कडेला लावा.

*दुसऱ्याच्या रानातून जायचं असेल तर*
१. आदल्या दिवशी मालकाला विचारा. जमीन बटईने असेल तर कसणाऱ्यालाही विचारा, पीक त्याचं आहे.
२. दोघांनी चालत जाऊन वाट ठरवा. पाइपलाइन, व्हॉल्व्ह, चर दिसतील तिथे काठीला चिंधी बांधा. हार्वेस्टरचा चालक बाहेरगावचा असतो, त्याला स्वतः दाखवा.
३. ट्रॉली अर्धीच भरा. चाक जागेवर फिरू लागलं तर रेस वाढवू नका, खड्डा खोल होतो. आधी वजन उतरवा.
४. बांध फोडावा लागला तर त्याच दिवशी परत घाला.
५. काही मोडलं तर त्याला दिसण्याआधी तुम्ही सांगा आणि भरून द्या.
६. दबलेली पट्टी उन्हाळ्यात, जमीन वाळल्यावर, सबसॉयलरने फोडून द्या. ओल्या जमिनीत त्याचा उपयोग होत नाही.

*मालक नाही का म्हणतो?*
बऱ्याचदा भीती असते की आज वाट दिली तर उद्या हक्क सांगतील. ही भीती काढा. साध्या कागदावर लिहा: "या हंगामापुरती परवानगी, अमुक तारखेपर्यंत." दोघांच्या सह्या, दोघांकडे फोटो. परवानगीने वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क सांगता येत नाही, हेही त्याला सांगा.

*वाद झालाच तर*
▪️ पूर्वीपासूनचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, उशीर करू नका.
▪️ रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो.
▪️ मे २०२५ च्या शासन निर्णयानुसार शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायची आहे. तुमच्या रस्त्याची नोंद झाली का, तलाठ्याकडे बघून घ्या.

अर्ज हा शेवटचा उपाय. निकाल लागेपर्यंत मालही बाहेर काढायचा असतो आणि बांधही तोच राहतो. दोन मिनिटं थांबून विचारलेलं जास्त स्वस्त पडतं.

वाफशाबद्दल शंका असेल तर वळीचा फोटो याच नंबरवर पाठवा, बघून सांगतो.

— तुमचा कृषी सल्लागार