खांद्याची परीक्षा

श्राद्धाच्या दिवशीं गुरुजींनीं ‘अपसव्य’ म्हटलें आणि आजोबांना जानवें उजव्या खांद्यावर घेतां आलें नाहीं, मुलाला पुढें होऊन तें सारखें करावें लागलें. किंवा काष्टा खोचण्यासाठीं आजींना सुनेला हाक मारावी लागली. असे प्रसंग पुष्कळ घरांत घडतात. ‘वात धरला’ म्हणून चार दिवस तेल चोळलें जातें. दुखणें हटलें नाहीं म्हणजे घरांतील कर्तीं माणसें विचारास बसतात, आणि बहुधा एकच प्रश्न पुढें येतो : एम्. आर. आय. कोठें काढावयाचा?

पुण्या-मुंबईस हा प्रश्न पैशाचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टींत तो अंतराचाहि आहे. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याचें ठिकाणच सुमारें २०० किलोमीटर दूर, आणि तेथून नागपूर आणखी सुमारें १७० किलोमीटर. धानाच्या रोवणींत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामांत एवढा प्रवास करणें म्हणजे वर्षाच्या मिळकतीचे दिवस घालविणें होय. आणि तेथें तर खांद्यावरच पोट चालतें. कावड खांद्यावर असते. मोळी डोक्यावर असली तरी तिला सांवरणारा हात कोसभर वरच धरलेला असतो. तेव्हां यंत्रापूर्वीं डोळ्यांनीं व हातांनीं खांद्याचें किती कळतें, आणि जें कळतें तें खरें कशावरून, हा प्रश्न तेथें केवळ पुस्तकी राहत नाहीं.

साध्या खुणेची पारख करण्याची ही रीत गडचिरोलीला नवी नाहीं. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें १९८६ पासून तेथें काम चालविलें आहे. लहान मुलें न्यूमोनियानें दगावत, आणि खेड्यांत छातीचें चित्र काढण्याची सोय नसे. त्या वेळीं श्वासाची गति मोजण्याची साधी परीक्षा हातीं घेण्यांत आली. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या खोकणाऱ्या मुलाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक असतील, तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचें. गांवांतील कार्यकर्ते व सुइणी यांना हें शिकविलें गेलें. ५८ गांवांत हा उपाय केला आणि ४४ गांवें तुलनेसाठीं ठेवलीं. उपाय केलेल्या गांवांत न्यूमोनियानें होणाऱ्या बालमृत्यूंचें प्रमाण ५४ टक्क्यांनीं कमी आढळलें, असा वृत्तान्त १९९० सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. खूण साधी होती. परंतु ती पारखून घेतलेली होती.

खांद्याच्या परीक्षेलाहि हाच न्याय लावला पाहिजे. खांद्याचा सांधा म्हणजे लहान उथळ बशीला टेकलेलें मोठें लिंबू. त्या लिंबाला पुढून, वरून व मागून धरून ठेवण्याचें काम चार स्नायूंच्या कंडरा करतात. म्हणून हा सांधा शरीरांत सर्वांत मोकळा आहे, आणि वयाबरोबर या कंडरा झिजतात. हें झिजणें मात्र नेहमींच दुखतें असें नाहीं. १९९५ सालच्या एका अमेरिकन पाहणींत खांद्याची कसलीहि तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एम्. आर. आय. काढले, तेव्हां ३४ टक्के लोकांच्या कंडरा कमी-अधिक फाटलेल्या दिसल्या. साठीच्या पुढील मंडळींत तें प्रमाण ५४ टक्के होतें. म्हणजे आजोबांच्या चित्रांत ‘फाटलेली कंडरा’ दिसली, तरी दुखण्याचें कारण तीच, असें ठरत नाहीं. चित्र पाहण्यापूर्वीं माणूस पाहिला पाहिजे तो याच कारणानें.

परंतु हातांच्या परीक्षेविषयींहि आंधळी श्रद्धा नको. मोठमोठ्या शल्यवैद्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खांद्याच्या चाचण्या पुष्कळ आहेत. त्या सर्वांचा हिशेब ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्यें २००८ सालीं व पुन्हां २०१२ सालीं मांडला गेला, कोणत्याहि एकाच चाचणीवर विसंबून निश्चित निदान करतां येत नाहीं, असें त्यांतून दिसून आलें. एक खूण फसविते. तीन-चार खुणा एकाच दिशेनें बोट दाखवूं लागल्या म्हणजे भरंवसा वाढतो.

चांगली परीक्षा कशी असते, हें घरच्या मंडळींना ठाऊक असावें. प्रथम विचारणें : वय किती, पडणें झालें काय, मधुमेह आहे काय, रात्रीं त्या कुशीवर निजवतें काय. नंतर पाहणें : दोन्ही खांदे उघडे करून समोरून व पाठीमागून. सदरा किंचित् सरकवून केलेली तपासणी अपुरी होय. रुग्ण स्त्री असल्यास आडोसा करावा, घरची बाई जवळ असावी. परंतु संकोचापायीं तपासणीच टाळूं नये. मान फिरवूनहि पाहावी, कारण मानेचें दुखणें पुष्कळदां खांद्यांत उतरतें.

मग हालचाल, आणि येथें मुख्य भेद कळतो. रुग्णाचें कोपर कुशीला टेकवून काटकोनांत वांकवावें आणि पंजा दार उघडावें तसा बाहेरच्या बाजूस वळवावयास सांगावें. त्याला वळवितां आला नाहीं, तर परीक्षकानें हलकेच वळवून पाहावा. दोघांनाहि वळवितां येत नसेल तर सांधाच आखडला आहे, आणि साध्या क्ष-किरण चित्रांत हाडें ठीक असल्यास तो बहुधा ‘फ्रोझन शोल्डर’ होय. मधुमेही माणसांत हा विकार अधिक आढळतो. म्हणून अशा वेळीं रक्तांतील साखर तपासावी. परीक्षकाला सहज वळवितां येतो, पण रुग्णाला येत नाहीं, असें असेल तर कंडरा किंवा मज्जातंतु यांकडे लक्ष द्यावें. बाहेर वळवून ठेवलेला हात सोडतांच आपोआप आंत परतला, तर कंडरा पुरती फाटल्याचा संशय बळावतो. ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’च्या नियतकालिकांत २०१३ सालीं आलेल्या समीक्षेप्रमाणें पूर्ण फाटलेल्या कंडरेच्या रुग्णांत ही खूण इतरांच्या मानानें सुमारें ७ पट आढळते. हात बाजूनें वर नेतांना ६० ते १२० अंशांच्या दरम्यानच दुखणें ही खूण त्याच समीक्षेंत कंडरेच्या विकारांत ३.७ पट आढळली आहे.

या परीक्षेनें रोगाचें नांव तर कळतेंच, शिवाय अनावश्यक उपायहि टळतात. २०१८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें ब्रिटनमधील ३१३ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहींच्या खांद्यांतील हाडाचा भाग दुर्बिणीच्या साहाय्यानें तासला. कांहींच्या खांद्यांत केवळ दुर्बीण घालून पाहिली. सहा महिन्यांनीं दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. आखडलेला खांदाहि बहुतेकांचा महिन्यांच्या, पुष्कळदां वर्षांच्या, अवधीनें मोकळा होत जातो. त्याला धीर व बेताचा व्यायाम लागतो. हिसका देऊन ‘हाड बसविणारा’ लागत नाहीं.

कांहीं प्रसंगीं मात्र वाट पाहूं नये. पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, खांद्याचा गोलावा मोडलेला दिसला, सांधा तापून ज्वर आला, कारणावांचून वजन घटूं लागलें, तर त्वरित डॉक्टर गांठावा. खांद्याच्या दुखण्याबरोबर छातींत दाटून येणें, घाम किंवा धाप असेल, तर तो खांद्याचा रोग न समजतां हृदयाचा समजावा आणि घटकाभरहि दवडूं नये.

घरांत किंवा गांवांत कोणाचा खांदा धरला, तर ‘फोटो काढला काय?’ हा प्रश्न मागाहून विचारावा. ‘दोन्ही खांदे उघडे करून, हात हलवून तपासले काय?’ हें आधीं विचारावें. पुढच्या वेळीं आजोबांचें जानवें सारखें करतांना मुलानें त्यांचें कोपर कुशीला धरून हात बाहेर वळतो कीं नाहीं, एवढें पाहावें. वळला नाहीं तर जवळच्या डॉक्टरला दाखवून साखर तपासून घ्यावी. तेवढ्यासाठीं नागपूरपर्यंत जावें लागत नाहीं.