जाणकार कोणाला म्हणावे?

घरात आजारपण आले की सल्ल्यांची रीघ लागते. शेजारची आजी एक सांगते, पुजारी दुसरे सांगतो, औषधाच्या दुकानातला मुलगा तिसरेच काही देतो. डॉक्टरची पाळी बहुधा शेवटी येते. यात ऐकावे कोणाचे? "त्यांनी शंभर जणांना बरे केले आहे," असे उत्तर आपण नेहमी ऐकतो. आज या शंभरांचा थोडा हिशेब करू.

सर्पदंशाचे उदाहरण घ्या. धानाच्या रोवणीच्या दिवसांत साप चावणे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला नवे नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. जिवाला धोका असतो तो मुख्यतः नाग, मण्यार व घोणस यांच्यापासून. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे मंत्र घातला, पाला खाऊ घातला किंवा काहीच केले नाही, तरी बरेच रुग्ण बरे होणारच असतात. मांत्रिक खोटे बोलत नसतो. माणसे बरी झालेली त्याने डोळ्यांनी पाहिलेली असतात. पण जो दगावला, त्याचा काळच आला होता, असे म्हणून त्याला हिशेबातून वगळले जाते. नुसती जमेची बाजू लिहिलेल्या वहीला हिशेब म्हणत नाहीत.

मण्यार तर चांगल्या जाणत्यालाही फसवते. रात्री झोपेत चावते. दंशाच्या जागी सूज नाही, दुखणेही फारसे नाही. काही तासांनी पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि श्वास थांबू लागतो. "कडुलिंबाचा पाला कडू लागला, म्हणजे विष नाही," या परीक्षेवर विसंबलेल्या घरात तोवर मोलाचा वेळ निघून गेलेला असतो.

मग गावातल्या अनुभवाला किंमतच नाही काय? आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवून दिली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्याचे व त्यावर औषध देण्याचे काम गावच्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना शिकवले. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधे साधन तयार केले. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत हे काम झाले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. पुढे घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर, तुलनेच्या ४७ गावांचा विचार करता, ६२ टक्क्यांनी घटला. या बायांजवळ पदवी नव्हती. पण त्या मोजत होत्या, आणि वाचलेली व गेलेली, दोन्ही बाळे नोंदली जात होती. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ तपासते, ते याच कामाचे फळ आहे.

नुसती पदवीही पुरेशी नाही, हे आम्हा डॉक्टरांनीही ध्यानात ठेवावे. कोकणात महाडच्या भागात विंचूदंशाने लोक दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी केल्या. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध तेथे उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ साली मांडले. पदवी, अनुभव आणि नोंद अशी तिन्ही एकत्र आली तेव्हा माणसे वाचली.

तेव्हा सल्ला देणारा कोणीही असो, पुजारी, शेजारी की डॉक्टर, मनाशी चार प्रश्न विचारावेत :

१) याने बरे झालेले सांगितले. न झालेल्यांचे काय?
२) हा आजार काही न करताही बरा होतो का?
३) "हे माझ्या हातचे नाही, पुढे न्या," असे हा कधी म्हणतो का?
४) उद्या रुग्ण कसा आहे, हे पाहायला हा येणार आहे का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याला आपली मर्यादा ठाऊक आहे तोच खरा जाणकार.

साप चावल्यास मात्र प्रश्न विचारत बसू नये. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. चावलेला हात वा पाय काठी बांधून स्थिर ठेवावा. कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. १०८ वर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पविषावरील लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. पुजाऱ्यावर घरच्यांची श्रद्धा असेल तर त्याच्याशी भांडण नको. त्यालाही गाडीत बसवून घ्यावे. मंत्र वाटेत म्हणता येतो. लस मात्र दवाखान्यातच मिळते.