कुणाची टोपी, कुणाला टोपी!

आयपीएल संपली की तुम्ही काय करता? दुसरी कुठली तरी मॅच शोधता. माझं तसं नाही. माझा खेळ मॅचेस संपल्यावरच रंगतो!

एमएससाठी दोन वर्षं अमेरिकेत, कोलंबसच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत होतो. तिथल्या लाखभर माणसांच्या स्टेडियममध्ये कॉलेज फुटबॉलचं वेड लागलं. (तोच तो, लांबट बॉलचा. नाव फुटबॉल, खेळायचा हाताने!) पुण्यात येऊन नोकरीला लागलो, तरी ते काही उतरलं नाही.

पण सीझन केवढा? ऑगस्टअखेर सुरू, जानेवारीत खल्लास. मग उरलेले सहा-सात महिने फॅन मंडळी काय करतात? रिक्रूटिंग फॉलो करतात. म्हणजे कुठल्या शाळेतला कुठला पोरगा पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजात येणार, याचा हिशेब!

नोकरदारांना हा प्रकार चटकन कळेल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आधी 'स्टार' मिळतात, दोन ते पाच. फाइव्ह स्टारवाले देशभरातून वर्षाला जेमतेम तीस-पस्तीस. मग कोच त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांना भेटतात, कॅम्पसवर बोलावून बडदास्त ठेवतात. मुलगा 'कमिट' होतो. पण तो नुसता तोंडी शब्द! सही होईपर्यंत दुसरी ऑफर आली की पलटी. ऑफर लेटर घेऊन जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवणारे आपल्याकडे असतात ना, तेच!

सह्या पूर्वी फेब्रुवारीत व्हायच्या, २०१७ पासून बहुतेकांच्या डिसेंबरमध्येच उरकतात. शाळेच्या हॉलमध्ये टेबल, त्यावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या, समोर कॅमेरे, शेजारी आई. मुलगा हात पुढे करतो... जी टोपी डोक्यावर, ते कॉलेज जिंकलं. बाकीच्यांना टोपी! तिथे सकाळचे सात, इथे संध्याकाळचे साडेपाच. त्या दिवशी माझ्याकडून कामाची अपेक्षा ठेवू नये.

२० डिसेंबर २०२३ची गोष्ट. फ्लोरिडाचा जेरेमाया स्मिथ, त्या बॅचचा एक नंबरचा खेळाडू. वर्षभरापूर्वी त्याने ओहायो स्टेटला शब्द दिलेला, पण फ्लोरिडातली कॉलेजं हात धुऊन मागे लागलेली. त्याने टोपी आमचीच घातली, पण सहीचा कागद काही येईना! आमचा चार मित्रांचा ग्रुप आहे, एक न्यू जर्सीत, एक बंगळुरूत, दोघं पुण्यात. तास उलटत गेले, आमची झोप उडाली, आणि एकदाचा कागद पोचला. जानेवारी २०२५च्या फायनलमध्ये नोत्र दामला ओहायो स्टेटने ३४-२३ हरवलं, तेव्हा शेवटच्या मिनिटांत ५६ यार्डांचा निर्णायक कॅच त्याच पोराचा!

अर्थात, स्टार म्हणजे गॅरंटी नव्हे. बेकर मेफिल्ड स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये शिरला आणि २०१७ची हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला. जॉश ॲलनला शाळेतून एकाही मोठ्या कॉलेजने विचारलं नाही, २०२४च्या सीझनला तो एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रेझ्युमे बघून माणूस ओळखता येत नाही, हे एचआरलाही माहीत असतंच की!

खरी गडबड होते ती मुलगा पलटल्यावर. कालपर्यंत 'आपला वाघ', आज 'गद्दार'! आणि आता तर पैसाही आलाय. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातीतून कमाई करता येते, जुलै २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. त्यामुळे 'पैशासाठी गेला' हे वाक्य रोजचंच.

गेल्या डिसेंबरात आमच्या ग्रुपवर एकाने हेच लिहिलं. बंगळुरूवाल्याने शांतपणे विचारलं, ''तू पाच वर्षांत किती कंपन्या बदलल्यास रे?'' ग्रुपवर एकदम सन्नाटा!

मला त्याचं पटतं. कोच कित्येक मिलियन कमावतात आणि मनात येईल तेव्हा जातात. २०२१ मध्ये ब्रायन केली नोत्र दाम सोडून एलएसयूला गेला, लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला. खेळाडूने कॉलेज बदललं तर मात्र त्याला वर्षभर बाहेर बसावं लागायचं. ती अट त्याच वर्षी सैल झाली. आपण तीस टक्के हाइकसाठी स्विच केलं की 'करिअर ग्रोथ', आणि सतरा वर्षांच्या पोराने केलं की बेइमानी? हा कुठला न्याय?

म्हणून ग्रुपचा एक नियम ठरलाय. आपसात हवा तेवढा धुरळा उडवा, पण मुलाच्या अकाउंटवर जाऊन एक अक्षर लिहायचं नाही. वेड आपलं आहे, आयुष्य त्याचं. टोपी कॉलेजची असेल, डोकं त्याचंच आहे!