रक्तपिशाचिनी आणि तिची दासी

पिशाच्च मराठी मनाला अपरिचित नाही. विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ आपल्या घरोघरी ठाऊक आहे. रिचर्ड बर्टन याने १८७० साली वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा त्याला ‘व्हॅम्पायर’ हेच नाव दिले. वस्तुतः दोघांत अंतर मोठे आहे. वेताळ राजाच्या बुद्धीची परीक्षा पाहतो. व्हॅम्पायर माणसाचे रक्त पितो.

अठराव्या शतकात सर्बियातील खेड्यांमधून ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी या रक्तपिशाच्चांविषयी जे अहवाल धाडले, त्यांत ती साध्या ग्रामस्थांची प्रेते होती. त्यांना उमरावाचा पोशाख चढविला तो साहित्याने. पॉलिडोरीच्या १८१९ मधील कथेत रक्तपिशाच्च हा लॉर्ड झाला आणि तो पोशाख त्याला फार शोभून दिसला. याचे कारण उघड आहे. दुसऱ्याच्या श्रमावर जगणाऱ्या सावकाराविषयी बोलताना ‘रक्त शोषतो’ असेच मराठी माणूसही म्हणतो.

या पंक्तीत मानाचे पान एका स्त्रीचे आहे. डब्लिनच्या शेरिडन ले फानू याची ‘कार्मिला’ १८७१-७२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर पाव शतकाने आला. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात एका एकाकी गढीत लॉरा ही तरुणी पित्यासह राहते. अपघाताचे निमित्त होऊन तेथे एक सुंदर पाहुणी येते. ती असते पूर्वीच मृत झालेली कार्नस्टाइन घराण्याची काउंटेस. लॉरावर तिची प्रीती जडते, आणि त्या प्रीतीबरोबर लॉरा क्षीण होऊ लागते.

परंतु याच काळात आसपासच्या खेड्यांतील गरीब स्त्रियाही मरत असतात. अशा एका मुलीची अंत्ययात्रा जाताना कार्मिला त्रासून जाते. शेतकऱ्यांच्या मरणाची वास्तपुस्त करण्याची आपल्याला सवय नाही, असे सुचविते. लॉराशी आर्जव आणि अनुनय. गोरगरिबांना तो मानही नाही, त्यांचा थेट घास. कुलीनांवर प्रेम करावे आणि सामान्यांवर उपजीविका, असा हा व्यवहार आहे. ले फानूच्या गोष्टीतले खरे भय कदाचित येथेच असेल.

मग त्या सामान्यांपैकीच एखादी कथेच्या मध्यभागी आली तर? सुमारे एकशे तीस वर्षांनी, २००२ साली, जपानमध्ये ‘तोहो’ या मालिकेतील एका संगणकीय खेळाने अशी जोडी रंगविली. रेमिलिया ही रक्तपिशाच्चांच्या कुळातील स्वामिनी. दिवसा फिरता यावे म्हणून साऱ्या प्रदेशावर लाल धुके पसरविणारी हट्टी मालकीण. साकुया ही तिची मानवी दासी. तिला काळ थांबविता येतो, आणि या अलौकिक शक्तीचा उपयोग ती हवेलीची झाडलोट उरकण्यासाठीही करते! येथे भयाची जागा विनोदाने घेतली आहे. शतकानुशतके जगलेल्या स्वामिनीचे मर्त्य दासीवाचून पानही हलत नाही.

अशा खेळकर कथा आता पुष्कळ लिहिल्या जातात, आणि त्यांतील काही सरळ प्रेमकथाच असतात. पण त्या सर्वांपुढे एक प्रश्न उभा असतो. जिच्या हाती अन्न, आसरा आणि प्राणही आहेत, तिच्यावर प्रेम जडले तर ते प्रेम म्हणावे की ताबेदारी? या मालिकेच्या २००४ मधील खेळात याचे सुंदर उत्तर सापडते. अमरत्वाचे औषध घेण्याविषयी रेमिलिया सुचविते. साकुया नम्रपणे नकार देते. आपण मर्त्यच राहू, मात्र जिवंत असेपर्यंत सोबत राहू, असे सांगते. स्वामिनी तो नकार मान्य करते.

कार्मिलाच्या गढीबाहेर मेलेल्या मुलींना कोणी काही विचारले नव्हते. या दासीला विचारले गेले, आणि तिला ‘नाही’ म्हणता आले. म्हणूनच तिच्या राहण्याला मोल आहे.